धाकट्याची कुंडी

कल्पना करा, तुमच्यासमोर एका उथळ कुंडीत पाइनचं झाड आहे. उंची हातभर, खोड मनगटाएवढं, साल मगरीच्या पाठीसारखी. वयानं ते कदाचित तुमच्यापेक्षा मोठं असेल. आणि तुम्हाला ते झाड उपटायचं आहे. कुंडीतून काढायचं, मुळं मोकळी करायची, काही कापायची, नव्या मातीत परत बसवायचं. टाळता येणार नाही, कारण कुंडीत पाणी मुरेनासं झालंय. मुळांनी जागाच ठेवलेली नाही. यंदा नाही केलंत तर ती गुदमरतील. पण लवकर केलंत, तर झोपेतल्या झाडाची मुळं कापाल आणि जखमा भरून काढायला ते जागंच नसेल. उशिरा केलंत, तर सगळा जीव कोंबांत चढलेला असेल आणि मुळांना द्यायला काही उरलं नसेल. या दोन्हींच्या मधे कुठेतरी एक वेळ असते. ती कॅलेंडरवर छापलेली नसते. ज्या माणसाला ती कळते तो बाजूच्या खोलीत खाटेवर पडून आहे, आणि त्याला बोलता येत नाही.

आता कात्री हातात घ्या.

कवळीवालीची अवस्था अगदी अशी झाली होती.

कवळीवाली हे नाव सासऱ्यांनी ठेवलेलं. ती एका लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून जबड्यांचे प्लास्टरचे साचे यायचे. त्यांवर ती गुलाबी मेणाच्या हिरड्या चढवायची आणि त्या हिरड्यांत एकेक दात बसवायची. ज्यांची तोंडं कधी पाहिली नाहीत त्यांना ती हसू देत होती. लग्नाआधी पहिल्यांदा घरी आली तेव्हा सासऱ्यांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "दात बनवतेस?"

"हो."

"बरं झालं. मी जन्मभर पाव भाजले. माझी म्हातारी गिऱ्हाइकं आता तूच सांभाळ."

सासरे भट्टीवाले. गल्लीच्या टोकाला त्यांची बेकरी होती, आणि त्यांचा सगळा कारभार उजव्या हाताच्या अंगठ्यावर चालायचा. फुगत आलेल्या पिठाच्या गोळ्यात ते अंगठा दाबायचे. खळगा झटकन भरला तर अजून वेळ आहे, भरलाच नाही तर वेळ गेली. हळू, आळस दिल्यासारखा भरला, की गोळा भट्टीत. भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याचा उपयोग बेकरी बंद करायला. कवळीवालीनं पुढे त्यांच्यासाठीही कवळी बनवली. ती ते पाहुणे आले की घालायचे. एरवी म्हणायचे, "चांगली वस्तू रोज वापरून खराब करायची का?"

आणि हे पाइनचं झाडही त्यांचंच. नणंद रांगत होती तेव्हा कुठल्याशा डोंगरावरून त्यांनी शंकूतलं एक बी खिशात घालून आणलं, पावाच्या जुन्या साच्याला भोकं पाडून त्यात पेरलं. मुलीच्या मागून आलं म्हणून त्याचं नाव धाकटा. नणंद अजून कुरकुरायची, "मी या घरात शेंडेफळ होते. ते झुडूप उगवलं आणि मी मधली झाले."

दर काही वर्षांनी थंडी सरत आली, की सासरे रोज सकाळी गच्चीवर जायचे, धाकट्याच्या फांदीच्या टोकावरचा कोंब अंगठा आणि बोटात धरायचे, "नाही अजून" म्हणायचे आणि खाली येऊन चहा घ्यायचे. असे कितीतरी दिवस जायचे. मग एका सकाळी ते खाली येऊन काहीच बोलायचे नाहीत. चहा तसाच ठेवायचे आणि बाह्या वर सारायचे. कशावरून कळलं, हे त्यांना कधी कुणी विचारलं नाही. आपल्या घरातल्या माणसाला आपण असलं काही विचारतच नाही. तो कायम असणारच आहे, असं धरून चालतो.

मग एका दुपारी बेकरीच्या पायरीवर सासऱ्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात राहिला, आणि डोळे. कुंडी त्याआधीच बदलायला झाली होती, पण गुडघे दुखतात म्हणून त्यांनीच ते काम पुढं ढकललं होतं.

घरी आणल्यावर ते दिवसभर दाराकडे बघत राहायचे. नवऱ्याला वाटलं, धाकट्याला शोधतायत. म्हणून त्यानं झाड गच्चीवरून उचललं आणि त्यांच्या खोलीत, खिडकीशी आणून ठेवलं. खोलीत हीटर होता. बाबांना थंडी बाधू नये आणि धाकट्यालाही नको. मायेनं केलं. सगळ्यांना बरंच वाटलं.

काही आठवड्यांत खिडकीकडचे कोंब टरारले. आणि त्याच सुमारास कवळीवालीच्या लक्षात आलं, की घातलेलं पाणी मातीवर तसंच उभं राहतंय. संध्याकाळी घरी यावं, तरी सकाळचं पाणी आरशासारखं चमकतंय.

"रविवारी करून टाकू," नवरा म्हणाला. तो बस डेपोत वेळापत्रकं बनवायचा. "मी सगळं वाचलंय. थंडी संपताना, कोंब फुगले की. फुगलेत."

"तुझ्या वेळापत्रकावर बस तरी येते का कधी?"

"बस उशिरा येते, ती ड्रायव्हरमुळे. वेळापत्रक बरोबरच असतं."

रविवारी त्यांनी खाटेजवळच्या टेबलावर कागद अंथरला, कात्री, बांबूची काडी, चाळलेली भरड माती मांडली. नणंदही आली होती. बाबांना दिसावं म्हणून कवळीवालीनं कुंडी त्यांच्या अगदी पुढ्यात ठेवली. त्यांनी डावा हात पुढं केला, एक कोंब दाबला, मग दुसरा. आणि पुढच्या क्षणी तळहातानं कुंडी अशी जोरात ढकलली, की ती टेबलाच्या कडेपर्यंत सरकली आणि चहाचा कप नणंदेच्या मांडीवर उलटला.

"अगं आई गं! बाबा!" नणंद उठून साडी झटकत म्हणाली. "अजूनही माझ्यापेक्षा त्याचाच लाड. वहिनी, नको म्हणतायत ते. हात लावू नका त्याला."

"पण का नको?" नवरा वैतागला. "कोंब बघ ना, कसे झालेत."

कवळीवाली बघतच होती. इतके दिवस ती रोज पाणी घालत होती, पण कुंडी फिरवून पाहिली ती त्या दिवशी पहिल्यांदा. खिडकीकडचे कोंब टपोरे झाले होते. भिंतीकडचे मात्र बारीक, तपकिरी, मिटलेले. एकाच झाडाला अर्ध्या अंगात वसंत आणि अर्ध्या अंगात हिवाळा. खाटेवरच्या माणसाचंही अर्धं अंग तसंच झोपलेलं होतं.

"याला आपण फसवलंय," ती म्हणाली. "हीटर लावून. थंडी संपलीय असं वाटलं याला."

"मग आता?"

तिनं कुंडी उचलली आणि जिना चढून गच्चीवर नेऊन ठेवली, कठड्याच्या आडोशाला, जिथे ती आधी असायची. खाली आली तेव्हा सासरे डोळे मिटून पडले होते. चेहऱ्यावरची ओढ सैल झाली होती. म्हणजे ते दाराकडे बघायचे ते झाडाला आत आणा म्हणून नव्हे तर! झाड आत आल्यावरही त्यांचं दाराकडे बघणं थांबलं नव्हतं, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

आता गंमत अशी, की चूक कळली म्हणून वेळ कळत नाही. गच्चीवरच्या गारठ्यात कोंब जिथल्या तिथे थांबले. पाणी उभं राहायचं ते राहातच होतं. ती कुंडी एका बाजूनं उचलून, खाली पाचर देऊन, जास्तीचं पाणी ओघळू द्यायची. रोज लॅबला जायच्या आधी ती झाड दोन मिनिटं खाली आणायची. सासरे कोंब दाबायचे आणि हात बाजूला घ्यायचे. नाही अजून. मग ती तोच कोंब त्यांच्यासारखाच दाबून पाहायची. तिच्या बोटांना काही कळत नसे, असं नाही. बोटांवरच तिचं पोट होतं. मेणाचा कागदाइतका फरक तिला अंधारात सांगता आला असता. तिला कोंब कळत होता. फक्त तो काय म्हणतोय, ते कळत नव्हतं.

त्यात नणंदेचा फोन आला. "वहिनी, ठरल्याप्रमाणे मी बाबांना न्यायला येते. इथं हॉस्पिटल जवळ आहे, व्यायाम घेणारी बाई रोज घरी येईल. तुम्हालाही जरा मोकळीक."

"थोडं थांबता आलं तर? धाकट्याचं..."

"त्या धाकट्यालाही पाठवून द्या हवं तर," नणंद हसत म्हणाली, आणि मग हसू आवरून, "वहिनी, त्यांचा हात परत येण्याचीही एक वेळ असते. ती निघून गेली की नाही येत. डॉक्टरच म्हणालेत."

कवळीवालीनं पुढं आग्रह धरला नाही. तिला तर दुसऱ्या कुणाहीपेक्षा ते जास्त पटलं.

सासरे जायच्या आदल्या दिवशी तिनं अर्धवट राहिलेलं काम घरी आणलं आणि त्यांच्या खोलीतच टेबल मांडून बसली. गरम पाण्याच्या वाडग्यात गुलाबी मेण मऊ होत होतं. सासरे तिच्या हातांकडे बघत होते. मग त्यांनी डाव्या हातानं खाटेची कड ठोकली आणि वाडग्याकडे बोट केलं.

"हे? मेण आहे, बाबा. खायचं नाही."

त्यांनी अशा नजरेनं पाहिलं, की तिनं गुपचूप एक गोळा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो मांडीवर घेतला, डाव्या अंगठ्यानं दाबला. अंगठा सरळ आत गेला. त्यांनी मान हलवली. गोळा पुन्हा गोल केला, ठेवून दिला, वाट पाहिली. पुन्हा दाबला. पुन्हा मान हलवली. कवळीवालीला आधी वाटलं, विरंगुळा म्हणून चाललंय. मग तिच्या हातातली सुरी थांबली. हा खेळ तिनं बेकरीत पाहिला होता.

मेण निवत गेलं. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा दाबल्यावर सासऱ्यांनी मान हलवली नाही. त्यांनी झटकन तिचं मनगट धरलं, तिचा अंगठा त्या गोळ्यावर टेकवला आणि वरून आपला अंगठा दाबला. आणि तिच्याकडे पाहिलं. हे. हे असं.

वरची कातडी धरली होती, आतला जीव अजून हलत होता. दाबलं तर वाकत होतं, पण ठसा घेत नव्हतं; उलट अंगठ्याला हलकेच परत ढकलत होतं. तिच्या रोजच्या कामात मेणाची ही अवस्था येते आणि जाते. मेण कोरायला घ्यायचं ते त्यानंतर. म्हणून ती या क्षणी कधी थांबलीच नव्हती. किती वर्षं ही गोष्ट तिच्याच हाताखालून जात होती! ज्या माणसापाशी एक शब्द उरला नव्हता त्यानं, तिला ठाऊक असलेल्या सगळ्या वस्तूंमधून नेमकी ही निवडून, तिच्याशी बोलून दाखवलं होतं. तिला हात काढून घ्यावासा वाटेना. मेण पार घट्ट होईपर्यंत दोघं तसेच बसून राहिले.

"काय चाललंय तुमचं?" नवऱ्यानं दारातून विचारलं.

"गप्पा," ती म्हणाली.

सासरे नणंदेकडे गेले. ती रोज गच्चीवर जात राहिली. कोंब दाबायचा, मेण आठवायचं, खाली यायचं. नवरा जिन्याखालून ओरडायचा, "काय म्हणतो धाकटा?"

"नाही अजून."

"अगदी बाबांसारखी बोलायला लागलीस."

आणि एका सकाळी, हवेत फार मोठा फरक पडला होता असंही नाही, तिनं भिंतीकडच्या, उशिरा जाग्या झालेल्या बाजूचा एक कोंब धरला. तो वाकला. आणि त्यानं अंगठ्याला परत ढकललं. तिनं दुसरा पाहिला, मग खिडकीकडच्या बाजूचा. आता सगळं झाड एकच गोष्ट सांगत होतं. खाली येऊन तिनं चहा तसाच ठेवला. नवऱ्यानं तिच्या बाह्यांकडे पाहिलं आणि काही न विचारता डेपोत फोन करून रजा सांगितली.

गच्चीवर नणंदेला व्हिडिओ कॉल लावून फोन डब्याला टेकवून ठेवला. पडद्यावर बाबांचा चेहरा, मागे नणंद. "दादा, फोन जरा खाली कर, तुझं पोटच दिसतंय नुसतं."

कवळीवालीनं कुंडीच्या कडेनं तिची मेण कोरायची जुनी सुरी फिरवली, झाड कुंडीला बांधून ठेवणाऱ्या तारा कापल्या आणि खोडाला धरून झाड हळूच वर उचललं. ते कुंडीच्या आकारासकट बाहेर आलं. मुळांनी कुंडीचा साचा घेतला होता, कोपऱ्यांसकट; जबड्याचा साचा निघतो तसा. माती जवळपास उरलीच नव्हती. आणि त्या विणलेल्या मुळांवर, मुळांमधून, सगळीकडे पांढरं जाळं पसरलेलं होतं, कापसासारखं.

"बुरशी!" नवरा म्हणाला. "बघ, कुजलंय आतून. धुऊन काढ पटकन." त्यानं नळीचा नळ सोडला सुद्धा.

तिलाही तेच वाटलं. पाणी कसं मुरेना, ते आता कळलं असं वाटलं. तिनं झाड नळीखाली धरायला उचललं, आणि फोनमधून धाडकन आवाज आला. पुन्हा. पुन्हा.

"वहिनी, थांबा! बाबा टेबल बडवतायत. काय करताय तुम्ही?"

"मुळं धुतेय. बुरशी आहे."

पडद्यावर सासऱ्यांनी हात उचलला. बोटांनी हवेतला कसलासा गोळा तोडला, बाजूला ठेवला आणि त्यावर तळहात पालथा घातला. पुन्हा तोडला, बाजूला ठेवला, झाकला.

"हे काय करतायत?" नवऱ्यानं विचारलं, आणि त्याच दमात त्याचा आवाज बदलला. "अरे... खमीर. खमिराचा गोळा. दर दिवशीच्या पिठातून ते एक गोळा तोडून ओल्या फडक्याखाली झाकायचे. दुसऱ्या दिवशीच्या पिठात घालायला. लहानपणी मी एकदा तो फेकून दिला होता, वास येतो म्हणून. काय मार खाल्लाय!"

त्यानं नळ बंद केला. कवळीवालीनं मुळं नाकाजवळ नेली. कुजल्याचा वास नव्हता. पावसाळी रानातल्या अळंबीच्या छत्र्यांसारखा, गोडसर, जिवंत वास होता. ही बुरशी झाडाला खात नव्हती. ती झाडाबरोबर राहत होती, मुळं पोचत नाहीत तिथून पाणी आणून देत, आणि बदल्यात झाडाकडून आपला वाटा घेत. हे तिनं नंतर वाचलं. त्या क्षणी तिला एवढंच समजलं, की आपण ज्याला एकटं झाड समजत होतो ते एक घर आहे. आणि आपण त्यातल्या अर्ध्या माणसांना नळीनं धुऊन काढायला निघालो होतो.

मग तिनं अर्धाच भाग मोकळा केला. बांबूच्या काडीनं, केसांतला गुंता सोडवावा तशी एका बाजूची मुळं विंचरली, जाड झालेली कापली. दुसरी बाजू तशीच ठेवली, पुढच्या खेपेसाठी. पांढऱ्या जाळ्याची जुनी माती मूठभर काढून ओल्या फडक्याखाली झाकली आणि नव्या भरड मातीत कालवली. झाड बसवलं, तारेनं घट्ट बांधलं. पाणी घातलं, आणि दोघं नवराबायको कुंडीखाली वाकून बघत राहिले. पाणी सरसर खाली आलं. आधी गढूळ, मग स्वच्छ.

"वहिनी," फोनमधून नणंदेचा आवाज आला, जरा दबका. "बाबा हसतायत हो."

"कवळी घातलीय का?"

"घातलीय. सकाळीच मागून घेतली. मला कळेना, आज कोण पाहुणे येणारेत."

पुढचे आठवडे ती वाऱ्याच्या आड, सावलीत ठेवलेल्या धाकट्यापाशी रोज जाऊन बसायची. सुया पिवळ्या पडतील, या भीतीनं तिला जेवण जाईना. सुया हिरव्याच राहिल्या. मग कोंब उठले, दोन्ही बाजूंचे, सरळ, उजळ, मेणबत्त्यांसारखे. तिनं ते सासऱ्यांना फोनवर एकेक करून दाखवले. त्यांनीही तिला आपला उजवा हात दाखवला. अंगठा हलला. किंचित, पण हलला.

एक गोष्ट मात्र ती अजून कुणालाच सांगू शकलेली नाही. मुळं विंचरताना, त्या पांढऱ्या जाळ्यात तिला काही मुळांची टोकं दिसली होती; कोवळी, दुधी, नुकतीच फुटलेली. वर कोंब अजून उघडले नव्हते. पण खाली, जिथे ना ऊन पोचतं ना वारा, तिथे कुणीतरी आधीच उठून कामाला लागलेलं होतं. सासऱ्यांची वाचा हळूहळू परत येतेय, एकेक शब्द. येऊ दे सावकाश. पुरेसे शब्द जमले की ती त्यांना सगळ्यात आधी हेच विचारणार आहे. थंडी संपली हे झाडात आधी कोणाला कळतं, वरच्या कोंबाला की खालच्या मुळाला, आणि बाबा, तुम्ही इतकी वर्षं अंगठ्यानं नक्की कोणाला विचारत होतात?